तापणाऱ्या लॅपटॉपच्या जागी नवा गेमिंग लॅपटॉप निवडताना

गेमिंग लॅपटॉप फार तापतो म्हणून तो बदलायचे ठरले, की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्डांची यादी उघडतात आणि जुन्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे कार्ड ज्यात मिळेल तो लॅपटॉप पसंत करतात. या पद्धतीत मूळ तक्रार बाजूलाच राहते. जुन्या लॅपटॉपची ताकद कमी होती हे त्याच्या तापण्याचे कारण नव्हते. आत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता पहिल्यापासून अपुरी होती किंवा कालांतराने अपुरी पडू लागली होती. नव्या लॅपटॉपमध्ये अधिक वीज खाणारी चिप अधिक पातळ सांगाड्यात बसवलेली असेल, तर जास्त पैसे मोजून आपण तेच दुखणे पुन्हा घरी आणतो. म्हणून निवड करताना उष्णतेचा हिशेब आधी मांडावा आणि कार्डाचे नाव त्यानंतर पाहावे, असा क्रम येथे धरला आहे.

जुन्या लॅपटॉपची तपासणी

नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याला नेमके काय झाले आहे हे पाहण्यासाठी एक संध्याकाळ द्यावी. त्याचे दोन फायदे आहेत. दोष दुरुस्त होण्याजोगा असेल तर खरेदी टळू शकते. आणि नसेल तर नव्या लॅपटॉपची तुलना करायला हाताशी खरे आकडे राहतात. यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो सुरू करून नेहमीचा जड गेम अर्धा तास खेळावा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड या दोघांचे तापमान, वेग आणि वीजवापर यांची नोंद फाइलमध्ये साठवून ठेवावी. पाच मिनिटांची नोंद उपयोगाची नाही, कारण धातूचे भाग आणि सांगाडा पुरते तापून तापमान स्थिर व्हायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात.

आकडे वाचताना घाबरून जाण्याचे कारण नाही. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या प्रोसेसरची ९५ ते १०० अंश असते, आणि एनव्हिडियाची लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डे साधारण ८७ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात. त्यामुळे प्रोसेसर अधूनमधून ९५ अंशांना जाऊन आला, एवढ्यावरून लॅपटॉप बिघडला असे म्हणता येत नाही. खरी खूण वेगळी आहे. तापमान मर्यादेला चिकटून राहते, त्याच वेळी वेग आणि वीजवापर खाली घसरतात आणि गेम थोड्या थोड्या वेळाने अडखळतो, हे तिन्ही एकत्र दिसले की त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तापमान मर्यादेच्या बरेच खाली असूनही वेग घसरत असेल, तर दोष उष्णतेचा नसून वीजपुरवठ्याचा, चार्जरचा किंवा निवडलेल्या पॉवर मोडचा असू शकतो, आणि त्यासाठी लॅपटॉप बदलणे हा फार महागडा उपाय ठरेल.

यानंतरचा प्रश्न असा, की लॅपटॉप पहिल्या दिवसापासून तापत होता की पहिली एक-दोन वर्षे ठीक चालून मग तापू लागला. पहिल्या दिवसापासून तापत असेल तर रचनाच अपुरी आहे आणि तिच्यावर इलाज नाही. नंतर तापू लागला असेल तर बहुधा धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वरच्या धातूकडे पोचवणारा लेप) हे कारण असते. फॅनमधून येणारी धूळ पंख्याच्या आणि उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या मधल्या फटीत साचून तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून हवा फुंकल्याने हा थर निघत नाही. खालचे झाकण उघडून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून तो आतूनच काढावा लागतो. थर्मल पेस्टचेही तसेच आहे. चिप तापताना आणि थंड होताना होणाऱ्या सततच्या आकुंचन-प्रसरणामुळे पेस्ट हळूहळू कडेला सरकते आणि मधला भाग कोरडा पडतो. सफाई आणि नवी पेस्ट यांनी तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरल्याची उदाहरणे नवलाची नाहीत. हे काम स्वतः जमणार नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावे. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो.

एका गोष्टीत मात्र चालढकल करू नये. टचपॅड वर आला असेल, खालचे झाकण फुगलेले दिसत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुलत असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा लॅपटॉपवर चाचण्या करत बसू नये, तो चार्जिंगलाही लावू नये.

वॅटचा हिशेब

लॅपटॉप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. ग्राफिक्स कार्ड १४० वॅट घेत असेल आणि प्रोसेसर ५० वॅट, तर १९० वॅट उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून सतत बाहेर काढायची असते. लॅपटॉपच्या जाहिरातीत जे काही लिहिलेले असते त्यातला बराचसा भाग या एका हिशेबापुढे गौण आहे.

याच कारणाने कार्डाचे नाव एकटे वाचून काहीच ठरवता येत नाही. आरटीएक्स ४०६० या नावाचे लॅपटॉपमधील कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर चालवण्याची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेली आहे. ही मर्यादा टीजीपी या नावाने ओळखली जाते. एका लॅपटॉपमधील ४०६० आणि दुसऱ्यातील ४०६० यांच्या वेगात त्यामुळे एका श्रेणीएवढे अंतर पडू शकते, आणि दोन्हींच्या खोक्यावर नाव मात्र एकच असते. २०१७ पासून काही वर्षे कमी वीज घेणाऱ्या कार्डांच्या नावापुढे मॅक्स-क्यू असे लिहिण्याची पद्धत होती आणि निदान तेवढी खूण तरी ग्राहकाला मिळत असे. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये आली तेव्हा नावातील ती खूण गेली. आता टीजीपीचा आकडा तांत्रिक माहितीच्या तक्त्यात शोधावा लागतो. तो तिथे नसेल, तर कंपनीला तो सांगावासा वाटत नाही एवढे तरी आपण समजून घ्यावे.

डेस्कटॉपमधील कार्डाशी तुलना करणे तर पूर्णपणे सोडून द्यावे. डेस्कटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट आहे आणि त्यात २४ जीबी मेमरी आहे; लॅपटॉपमधील ४०९० मध्ये निराळी, लहान चिप आहे, मेमरी १६ जीबी आहे आणि मर्यादा सगळे मिळून १७५ वॅटपर्यंतच जाते. आरटीएक्स ५०७० चीही तीच गोष्ट आहे: डेस्कटॉपवर १२ जीबी, लॅपटॉपमध्ये ८ जीबी.

टीजीपीच्या आकड्यासोबत बहुधा डायनॅमिक बूस्ट असाही उल्लेख असतो. प्रोसेसरवर ताण कमी असेल तेव्हा त्याच्या वाट्याचे काही वॅट, साधारणतः १५ ते २५, ग्राफिक्स कार्डाकडे वळवण्याची ही सोय आहे. ११५ अधिक २५ असे मिळून १४० वॅट अशी जाहिरात त्यातूनच येते. प्रोसेसरला खूप काम देणाऱ्या गेममध्ये हे २५ वॅट मिळतीलच असे नाही, त्यामुळे तुलना करताना मूळ आकडा धरणे अधिक प्रामाणिक ठरते.

जास्त वॅट म्हणजे नेहमीच जास्त वेग, असेही नाही. चिपवर जास्त व्होल्टेज देऊन शेवटचे काही टक्के काढताना विजेचा खर्च वेगापेक्षा खूप झपाट्याने वाढतो. ४०६० आणि लॅपटॉपमधील ४०७० या दोन्ही कार्डांचा वेग सुमारे १०० वॅटनंतर फारसा वाढत नाही, असे चाचण्यांमध्ये दिसून येते. तेव्हा तापणाऱ्या लॅपटॉपला कंटाळून नवा घेणाऱ्याने मधल्या श्रेणीचे कार्ड निवडताना ९० ते ११५ वॅटची मर्यादा आणि तिला पुरून उरेल अशी शीतनव्यवस्था हे गणित पाहावे. मोठ्या श्रेणीचे कार्ड ८० वॅटवर कोंबलेल्या पातळ लॅपटॉपपेक्षा, एक श्रेणी खालचे पण मोकळेपणाने चालणारे कार्ड पुष्कळदा तेवढाच वेग देते, आणि तेही कमी किमतीत व कमी आवाजात.

प्रोसेसरच्या बाबतीत लोक विनाकारण वरचा पर्याय घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील एचएक्स मालिकेच्या प्रोसेसरची मूळ मर्यादा ५५ वॅट असली, तरी अल्पकाळासाठी ते १५७ वॅटपर्यंत जाऊ शकतात. साध्या एच मालिकेतील मूळ मर्यादा ४५ वॅट आणि कमाल साधारण ११५ वॅट आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारे हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या) सामायिक असतात, त्यामुळे प्रोसेसरने उधळलेली उष्णता ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याची थंडाई खाते. गेमचा वेग बहुतांशी ग्राफिक्स कार्डावर ठरत असताना, आय९ ऐवजी आय७ किंवा रायझन ७ घेऊन वाचलेले पैसे चांगल्या शीतनव्यवस्थेच्या लॅपटॉपवर घालणे शहाणपणाचे आहे. व्हिडिओ संपादन, थ्रीडी रेंडरिंग किंवा मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणे असे काम रोज असेल, तर गोष्ट वेगळी.

सांगाडा, पंखे आणि चार्जर

शीतनव्यवस्था कशी आहे हे दुकानातल्या शेल्फवर पाहून पूर्णपणे कळत नाही, पण काही गोष्टी नक्की दिसतात. लॅपटॉप उलटा करून पाहावा. खालच्या बाजूला पंख्यांच्या बरोबर खाली मोठी उघडी जाळी आहे का, की जाळीसारखी नक्षी असून तिची बरीचशी भोके बंदच आहेत? हा प्रकार आश्चर्य वाटावे इतका सर्रास आढळतो. मागचे रबरी पाय लॅपटॉपला टेबलापासून पुरेसे उचलतात का? गरम हवा मागच्या बाजूने बाहेर पडते की उजव्या कडेने? उजव्या कडेने येत असेल तर माउसवरच्या हाताला तासन्‌तास गरम झळ लागते, आणि हा त्रास कोणत्याही तक्त्यात लिहिलेला नसतो. पडद्याची बिजागरी मागच्या कडेपासून थोडी पुढे आणून मागे उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांसाठी जागा ठेवलेली असेल, तर रचना करणाऱ्याने उष्णतेचा विचार केला आहे असे मानायला हरकत नाही.

जाडी आणि वजन यांबद्दल ग्राहकांच्या मनात उगाच अढी असते. ग्राफिक्स कार्ड १४० वॅटपर्यंत चालवायचे असेल, तर सव्वादोन ते अडीच किलोचा लॅपटॉप हा समंजस सौदा आहे. त्याहून मोठ्या कार्डांसाठी तीन किलोच्या जवळ जाण्याची तयारी ठेवावी. पावणेदोन किलोचे, दीड सेंटिमीटर जाडीचे गेमिंग लॅपटॉप मिळतात आणि ते दिसतातही देखणे. त्यांत एक तर कार्ड कमी वॅटवर चालते, नाही तर पंखे फार ओरडतात, आणि कधी कधी दोन्ही. रोज पाठीवर घेऊन फिरावे लागत असेल त्याने ही तडजोड समजून-उमजून करावी. ज्याचा लॅपटॉप वर्षभर एकाच टेबलावर राहणार आहे त्याने पातळपणासाठी पैसे देण्यात अर्थ नाही.

हीट पाइपऐवजी व्हेपर चेंबर असलेला लॅपटॉप साधारणतः चांगला, कारण सपाट पोकळ पत्र्यामुळे उष्णता मोठ्या पृष्ठभागावर समान पसरते. परंतु केवळ व्हेपर चेंबर आहे म्हणून लॅपटॉप थंड राहील असे नाही. पसरलेली उष्णता शेवटी पंख्यांनी आणि पत्र्यांनीच बाहेर टाकायची असते. काही कंपन्या कारखान्यातच थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावतात. गॅलियमचा हा द्रव मिश्रधातू उष्णता फार चांगली वाहून नेतो, पण तो वीजवाहकही असतो आणि ॲल्युमिनियमला खातो, त्यामुळे असा लॅपटॉप पुढे उघडून पेस्ट बदलण्याचे काम घरी करू नये. हनीवेलचे पीटीएम७९५० हे तापल्यावर मऊ होणारे पॅड हा अलीकडे बराच वापरला जाणारा मधला मार्ग आहे. ते पेस्टसारखे सहजासहजी कडेला सरकत नाही, आणि माझ्या मते दीर्घकाळ वापरासाठी तोच सर्वांत निर्धोक पर्याय आहे.

चार्जरकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, पण तो लॅपटॉपबद्दल बरेच खरे सांगतो. जाहिरातीत ग्राफिक्स कार्ड १४० वॅटचे सांगितले असेल, प्रोसेसर ५५ वॅटचा असेल, त्यावर पडदा, मेमरी, एसएसडी आणि पंखे यांचे वीस-तीस वॅट धरले, तर सव्वादोनशे वॅट होतात. अशा लॅपटॉपसोबत १८० वॅटचा चार्जर दिलेला असेल, तर तिन्हींपैकी काही तरी पूर्ण ताकदीने चालणार नाही, किंवा चार्जर लावलेला असतानाही खेळताना बॅटरी उतरत जाईल. २३० ते २८० वॅटचा चार्जर मधल्या व वरच्या श्रेणीत योग्य, आणि सर्वांत मोठ्या कार्डांसोबत ३३० वॅटचा असावा. यूएसबी-सीवरून १०० वॅट घेऊन लॅपटॉप चालतो ही प्रवासात कामाची सोय आहे, गेमसाठी मात्र तिचा भरवसा धरू नये.

चाचण्यांचे अहवाल वाचण्याची रीत

एखाद्या मॉडेलबद्दल वाचताना किंवा व्हिडिओ पाहताना सरासरी फ्रेमच्या (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या) आलेखांपेक्षा तीन नोंदी शोधाव्यात. पहिली, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच वेळी ताणले असता अर्ध्या तासानंतर प्रत्येकाला किती वॅट मिळत होते. दुसरी, त्या वेळी पंख्यांचा आवाज किती डेसिबल होता. तिसरी, कीबोर्डच्या पृष्ठभागाचे तापमान, विशेषतः डाव्या हाताची बोटे जिथे सतत असतात त्या डब्ल्यू, ए, एस, डी या कळांपाशी. आतली चिप ९० अंशांवर असूनही या कळा कोमट राहतील अशी हवेची वाट काही लॅपटॉपमध्ये ठेवलेली असते, आणि उलट, चिपचे आकडे चांगले असूनही कीबोर्डला हात लावणे नकोसे व्हावे अशीही मॉडेल आहेत. खेळणाऱ्याला चिप जाणवत नाही, कळा जाणवतात.

आवाजाचा आकडा तापमानापासून वेगळा काढून वाचू नये. टर्बो मोडमध्ये पंखे ५५ डेसिबलपर्यंत नेऊन तापमान ७५ अंशांवर ठेवणे फारसे कठीण नाही. पण तो आवाज हेडफोन न लावता सहन करणे अवघड असते आणि घरातल्या इतरांना तर त्याहून अवघड. मधल्या मोडमध्ये, साधारण ४५ डेसिबलच्या आत, लॅपटॉप किती वॅट टिकवतो, हा आकडा खरी लायकी दाखवतो. म्हणून अहवालात कोणता मोड वापरला होता हे आधी पाहावे आणि ते लिहिलेले नसेल तर त्यातील तापमानांना फार महत्त्व देऊ नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चाचण्या बहुधा २० ते २५ अंश तापमानाच्या खोलीत घेतलेल्या असतात. पंखे आणि वीजवापर तेच राहिले तर खोली जितके अंश अधिक गरम तितकेच अंश चिपही ढोबळमानाने अधिक गरम होते. तुमच्या खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत जात असेल, तर अहवालातील ८० अंशांचे तुमच्याकडे ९० ते ९५ होतील, हे धरून चालावे. परीक्षकाच्या खोलीत जेमतेम मर्यादेच्या आत राहिलेला लॅपटॉप तुमच्याकडे मर्यादा गाठणारच. दुसरे असे, की एकाच मॉडेलच्या नावाखाली लहान आणि मोठ्या कार्डांच्या आवृत्त्या असतात आणि त्यांची शीतनव्यवस्थाही पुष्कळदा वेगळी असते. मोठ्या आवृत्तीत व्हेपर चेंबर आणि लहान आवृत्तीत दोन-तीन हीट पाइप, असे सर्रास घडते. तेव्हा अहवाल तुम्ही घेणार असलेल्या नेमक्या आवृत्तीचाच आहे ना, हे मॉडेलच्या पूर्ण क्रमांकावरून ताडून पाहावे.

पडदा आणि मेमरी यांचा उष्णतेशी संबंध

पडद्याची निवड ही केवळ डोळ्यांच्या आवडीची बाब नाही. २५६० गुणिले १६०० पिक्सेलच्या पडद्यावर १९२० गुणिले १२०० पेक्षा सुमारे ७८ टक्के अधिक पिक्सेल असतात, आणि प्रत्येक फ्रेमला तेवढे अधिक काम ग्राफिक्स कार्डाला करावे लागते. मधल्या श्रेणीच्या कार्डासोबत असा पडदा घेतला, तर कार्ड सतत पूर्ण ताणावर राहते. डीएलएसएस किंवा एफएसआर यांसारख्या सोयी कमी पिक्सेलमध्ये चित्र तयार करून ते मोठे करतात, त्यामुळे हा ताण बराच हलका होतो; पण सोळा इंचांपर्यंतच्या पडद्यावर १९२० गुणिले १२०० देखील पुष्कळ आहे, असे मी म्हणेन. त्याऐवजी पडद्याची चमक किमान ३०० निट, शक्यतो ४०० किंवा अधिक, आणि एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचाचा जवळजवळ पूर्ण आवाका यांकडे लक्ष द्यावे. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये १४४ हर्ट्झचा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो, म्हणजेच रिफ्रेश रेटचा) आकडा ठळक छापून रंग मात्र फिकट दिलेले असतात. बदलता रिफ्रेश रेट पडद्याला असेल तर फ्रेम कमी-अधिक झाल्या तरी चित्र तुटत नाही, आणि त्यामुळे सेटिंग खाली आणून लॅपटॉप थंड ठेवणे सुसह्य होते.

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीबाबत आज ८ जीबी ही खालची पायरी समजावी. नव्या गेममध्ये वरच्या टेक्स्चर सेटिंगला ती अपुरी पडू लागली आहे. लॅपटॉप चार-पाच वर्षे वापरायचा असेल आणि ऐपत असेल तर १२ जीबीचे कार्ड, म्हणजे आरटीएक्स ४०८० किंवा ५०७० टीआय, हा खरा पुढचा टप्पा आहे. लॅपटॉपमधील ४०६० आणि ४०७० या दोन्हींत ८ जीबीच मेमरी असल्याने त्यांच्यातील किमतीचा फरक त्या मानाने जास्त वाटतो.

बाकीचे थोडक्यात. मुख्य मेमरी १६ जीबीपेक्षा कमी नसावी, ती दोन पट्ट्यांत असावी आणि पुढे वाढवता यावी. ती बोर्डवरच जोडलेली असेल तर सुरुवातीलाच ३२ जीबीची आवृत्ती घ्यावी. एसएसडीसाठी दुसरी मोकळी जागा असावी. मक्स स्विच असावा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड पडद्याला थेट जोडता येते आणि प्रोसेसरमधील ग्राफिक्समधून होणारा वळसा वाचतो. खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का आणि सफाईसाठी ते उघडल्याने वॉरंटी जाते का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्यावे, कारण पंख्यातली धूळ काढण्याची वेळ वर्ष-दीड वर्षात येतेच.

पहिला आठवडा

नवा लॅपटॉप हाती आल्यावर परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत किती दिवसांची आहे हे पाहून, तिच्या आतच त्याची पूर्ण परीक्षा घ्यावी. आधी विंडोज, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस (लॅपटॉपचे भाग सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करावेत, कारण पंख्यांचे वागणे पुष्कळदा बायोसच्या नव्या आवृत्तीत सुधारलेले असते. मग जुन्या लॅपटॉपवर खेळलेला तोच गेम, त्याच सेटिंगवर, त्याच खोलीत, तेवढाच वेळ खेळून एचडब्ल्यूइन्फोची नोंद घ्यावी आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवाव्यात. थ्रीडीमार्क या चाचणी-प्रोग्रॅममधील टाइम स्पाय ताण-चाचणीही करून पाहावी. तिच्यात तेच दृश्य वीस वेळा चालवले जाते आणि सर्वांत मंद फेरी सर्वांत वेगवान फेरीच्या किमान ९७ टक्के वेगाने झाली तर लॅपटॉप उत्तीर्ण धरतात. तापून हळूहळू गळपटणारा लॅपटॉप या चाचणीत लगेच उघडा पडतो.

नोंदीत ग्राफिक्स कार्डाचे वॅट जाहिरातीतील आकड्याच्या आसपास आहेत का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरची (आतल्या स्वतंत्र गणना-विभागांची) तापमाने तपासावीत. एकाच वेळी सगळ्या कोअरवर ताण असताना एखादा कोअर बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश अधिक गरम राहत असेल, तर कारखान्यात पेस्ट किंवा हीट सिंक नीट बसलेला नसण्याची शंका घ्यावी. एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये असा फरक पडतो आणि नग बदलून मागण्यासाठी ते पुरेसे कारण आहे.

लॅपटॉप या परीक्षेत ठीक उतरला, तरी त्याला विनाकारण तापू देऊ नये. सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे: फ्रेमची मर्यादा घालणे. जो गेम ९० फ्रेमवर आरामात खेळता येतो तो १६० फ्रेमवर पळवण्यात कार्डाचे बरेच वॅट वाया जातात, आणि एनव्हिडियाच्या सेटिंगमध्येच ही मर्यादा ठरवता येते. दुसरा उपाय अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवण्याचा. ग्राफिक्स कार्डासाठी तो एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून करता येतो. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र २०१९ मध्ये उघड झालेल्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा-त्रुटीनंतर अनेक लॅपटॉपांत व्होल्टेज बदलण्याची सोय बंद करण्यात आली, त्यामुळे निवडलेल्या मॉडेलमध्ये ती आहे का हे आधी पाहावे लागते. लॅपटॉपची मागची बाजू तीन-चार सेंटिमीटर उचलून ठेवल्यानेही काही अंश उतरतात. साध्या कूलिंग पॅडने त्यापेक्षा फार जास्त साधत नाही. कडेने फोम लावून हवा दाबाने आत ढकलणारे पॅड खूप प्रभावी असतात, पण त्यांचा आवाज लॅपटॉपच्या पंख्यांवर मात करतो.

हे सगळे करूनही नवा लॅपटॉप अर्ध्या तासात वेग टाकत असेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता तो परत करावा. त्या वेळी विक्रेत्याला तापतो असे तोंडी सांगण्यापेक्षा तापमान, वेग आणि वॅट यांची नोंद असलेली फाइल, खोलीचे तापमान आणि वापरलेला मोड लिहून द्यावा. लॅपटॉप ठेवून घेतला तर तीच फाइल जपून ठेवावी, कारण दोन वर्षांनी वॉरंटीत तक्रार करायची वेळ आली तर नवा असताना तो कसा चालत होता याचा पुरावा त्याच फाइलमध्ये असेल.